थंडीत लांब धावण्याची तयारी : आदिलाबादच्या पहाटेचा हिशेब आणि बारा आठवड्यांचं वेळापत्रक

आदिलाबाद : दिवाळी आटोपली की आपल्या जिल्ह्यात रस्त्यावर दोन गोष्टी वाढतात. एक, मार्केट यार्डाकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या. आणि दुसरी, भल्या पहाटे धावणारी पोरं-पोरी. कोणी पोलीस भरतीसाठी पळतो, कोणी सैन्यासाठी, कोणी वनखात्यासाठी. हल्ली मॅरेथॉनची हौस म्हणून पळणारे मास्तर, दुकानदार आणि बँकेतले कर्मचारीही दिसतात. बेला, जैनथ, तामसी, भीमपूर असो की सीमेपलीकडचे पांढरकवडा, किनवट, माहूर, राजुरा असो, चित्र सारखंच आहे.

यातल्या बऱ्याच जणांची तयारी मात्र ऐकीव माहितीवर चालते. पहाटे चारला उठायचं, अंगावर दोन स्वेटर चढवायचे, पहिल्याच राऊंडला जीव तोडून पळायचं आणि मग घामेजल्या अंगाने शेकोटीजवळ बसायचं. आठ-दहा दिवसांत पिंडरी धरते, खोकला लागतो आणि मैदान सुटतं. म्हणून थंडीत लांब धावण्याची तयारी कशी करावी, कशाला घाबरावं आणि कशाला घाबरू नये, याची माहिती इथे एकत्र दिली आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपल्या भागातली थंडी धावणाऱ्याची वैरी नाही. लांब धावायला वर्षभरात यापेक्षा चांगले दिवस मिळत नाहीत. नुकसान होतं ते घाईमुळे, अंधारामुळे आणि अंगात लपलेल्या आजारामुळे.

आपली थंडी नेमकी कशी आहे?

तेलंगणात सर्वात जास्त गारठा पडणाऱ्या भागांत आदिलाबाद आणि शेजारच्या कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्याचं नाव दरवर्षी येतं. डिसेंबर-जानेवारीत पारा एक अंकी होतो. समुद्र लांब, आकाश निरभ्र, उत्तरेकडून येणारे कोरडे वारे आणि भोवती डोंगर-जंगल. अशा ठिकाणी दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. गार हवा जड असते, ती सखल भागात साचते. त्यामुळे नदीकाठी, तळ्याजवळ आणि डोंगराच्या पायथ्याला गावठाणापेक्षा जास्त हिव वाजतं.

पण ही थंडी दिवसभर टिकत नाही. पहाटे ८-१० अंश असलेला पारा दुपारी २७-२८ पर्यंत चढतो. म्हणजे खरा कडाका मध्यरात्रीनंतर सुरू होऊन सकाळी आठपर्यंत असतो. सर्वात गार वेळ मध्यरात्रीची नसते, ती सूर्योदयाच्या आसपासची असते. डिसेंबरअखेर ते जानेवारीत आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, हे लक्षात ठेवा. वेळापत्रक त्यावरच बसवायचं आहे.

आता दुसरी बाजू. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची आणि अर्धमॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची असते. एवढं अंतर धावताना शरीरात जी उष्णता तयार होते ती बाहेर टाकणं हे शरीराचं मोठं काम असतं. म्हणून लांब शर्यतीला साधारण ८ ते १२ अंशांचं तापमान चांगलं मानतात. जगभरातल्या मोठ्या मॅरेथॉन वसंत किंवा शरद ऋतूत होतात त्याचं एक कारण हेच. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत आणि तीही पहाटे सुरू होते, ती याचसाठी. मुंबईला जे हवामान हवं असतं ते आपल्याला दोन-तीन महिने दारात मिळतं.

कोणासाठी किती धाव?

तयारी सुरू करण्याआधी आपल्याला कुठली धाव गाठायची आहे ते ठरवा. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या परीक्षांत फरक आहे.

तेलंगणा पोलीस : २०२२ च्या भरतीत पुरुषांना १६०० मीटर ७ मिनिटे १५ सेकंदांत आणि महिलांना ८०० मीटर ५ मिनिटे २० सेकंदांत पार करायचे होते. त्या मैदानी चाचण्या ८ डिसेंबर २०२२ पासून, म्हणजे ऐन थंडीत झाल्या आणि आदिलाबाद हे त्यातलं एक केंद्र होतं.

महाराष्ट्र पोलीस : इथे नुसतं पार करून भागत नाही, वेळेवर गुण मिळतात. अलीकडच्या भरत्यांत मैदानीचे ५० गुण होते. त्यातले १६०० मीटरचे पूर्ण २० गुण घ्यायला पुरुषांना ५ मिनिटे १० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागत होता. महिलांना ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत. २०२४ ची मैदानी चाचणी १९ जूनला सुरू झाली होती, म्हणजे उकाडा आणि पावसात.

केंद्रीय दलं : एसएससी जीडीमध्ये पुरुषांना ५ किलोमीटर २४ मिनिटांत, महिलांना १.६ किलोमीटर साडेआठ मिनिटांत.

वनखातं : दोन्ही राज्यांच्या वनखात्याच्या भरतीत चालण्याची परीक्षा असते. पुरुषांना २५ किलोमीटर आणि महिलांना १६ किलोमीटर, वेळ ४ तास.

नियम बदलत राहतात, म्हणून आपल्या जाहिरातीतले आकडे तपासूनच घ्या. पण गतीचा हिशेब आधी मांडा. १६०० मीटर ७ मिनिटे १५ सेकंदांत म्हणजे ४०० मीटरचा एक राऊंड जवळपास १०९ सेकंदांत. ५ मिनिटे १० सेकंदांत म्हणजे तोच राऊंड साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. ५ किलोमीटर २४ मिनिटांत म्हणजे किलोमीटरला ४ मिनिटे ४८ सेकंद. वनखात्याचे २५ किलोमीटर म्हणजे किलोमीटरला ९ मिनिटे ३६ सेकंद, तेही सलग चार तास. हे चालणं ऐकायला सोपं वाटतं, पण सराव नसलेल्याचे पाय पंधराव्या किलोमीटरनंतर बोलायला लागतात.

वेळ : चारला उठण्यात मोठेपणा नाही

आपल्याकडे जितक्या पहाटे उठाल तितका सराव चांगला, असा समज आहे. शरीराच्या दृष्टीने त्याला आधार नाही. साडेचारला अंग आखडलेलं असतं, झोप अपुरी असते आणि रस्ता दिसत नाही. झुंजूमुंजू झाल्यावर वॉर्मअप आणि सूर्य वर येताना धाव, म्हणजे साधारण साडेसहा ते आठ ही वेळ धरा. ज्याला सकाळी कामावर जायचं आहे त्याने संध्याकाळी पाचची वेळ घ्यावी. संध्याकाळी अंग आपोआप सैल झालेलं असतं आणि दुखापत कमी होते. फक्त पावणेसहानंतर अंधार पडतो, त्याआधी मैदान सोडावं.

झोप सात-आठ तास हवीच. रात्री बारापर्यंत मोबाईल आणि पहाटे चारला मैदान, असं केलं तर पायांची झीज भरून निघत नाही.

वॉर्मअप : पहिली पंधरा मिनिटं फुकट जात नाहीत

थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब थोडा वाढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. स्नायू आणि शिरा ताठ असतात. अशा अंगाने एकदम पळायला लागलं की मांडीची मागची शीर किंवा पिंडरी धरते. म्हणून क्रम असा ठेवा :

– पाच मिनिटं भरभर चालणं.
– पाच मिनिटं अगदी हळू धाव, गप्पा मारता येतील इतकी.
– पाच मिनिटं जागच्या जागी हालचाली : पाय पुढे-मागे झुलवणं, गुडघे वर उचलणं, टाचा मागे लावणं, खांदे आणि घोटे फिरवणं.
– शेवटी ६०-८० मीटरच्या तीन-चार चढत्या धावा.

एका जागी उभं राहून ताण देण्याचे व्यायाम धाव संपल्यावर करा. थंड स्नायूला आधीच खेचू नका. चाचणीच्या दिवशी नंबर यायला तास-दीड तास लागतो. त्या वेळात स्वेटर घालून चालत राहा, नंबर जवळ आला की वरचा क्रम पुन्हा थोडक्यात करा. डिसेंबरच्या चाचणीत ताटकळत बसून थेट रेषेवर उभं राहणाऱ्याची पहिली दोन राऊंड वायाच जातात.

कपडे : निघताना थोडं हिव लागलंच पाहिजे

सोपा नियम : बाहेर जेवढं तापमान आहे त्यापेक्षा ८-१० अंश जास्त आहे असं समजून कपडे घाला. घरातून निघताना अंग उबदार वाटलं तर कपडे जास्त झाले. दहा मिनिटांत घाम सुटेल.

आत सुती बनियनऐवजी घाम लवकर वाळणारा पातळ टी-शर्ट, वर वारा अडवणारं हलकं जॅकेट, डोक्याला टोपी, हाताला साधे हातमोजे. हातमोजे नसतील तर जुने पायमोजेही चालतात. अंग तापलं की जॅकेट काढून कमरेला बांधायचं. दोन-दोन लोकरी स्वेटर घालून 'घाम गाळला की वजन उतरतं' असं मानणारे आहेत. उतरतं ते पाणी, चरबी नाही.

धाव संपली की पाच मिनिटांच्या आत ओला टी-शर्ट बदला. ओल्या कपड्यांत रेंगाळू नका आणि धुरापासून दूर राहा. शेकोटीभोवती धापा टाकत बसलं की लाकडाचा धूर थेट छातीत जातो. जिथे पालापाचोळा जळतो किंवा जिनिंगची धूळ उडते, तिथेही धावू नका.

बूट ओल्या गवतात भिजतात, म्हणून पायमोज्यांची दुसरी जोडी ठेवा. ओठ, टाचा आणि मांड्यांना व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा. अनवाणी धावायची सवय असेल तरी कडाक्याच्या सकाळी बूट बरे. गार जमिनीवर पाय बधिर होतो, काटा-काच लागल्याचं कळत नाही.

बारा आठवड्यांचं वेळापत्रक

हे वेळापत्रक अर्धा तास न थांबता चालू शकणाऱ्या निरोगी माणसासाठी आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलं तर जानेवारीअखेर पूर्ण होतं. मूळ तत्त्व एकच : आठवड्यातली बहुतेक धाव हळू असावी, सोबत्याशी बोलता येईल अशी. जोराची धाव आठवड्यात एकदा, फार तर दोनदा. आणि आठवड्याचं एकूण अंतर मागच्या आठवड्यापेक्षा साधारण दहाव्या भागाने वाढवावं, त्याहून जास्त नको.

पहिला ते तिसरा आठवडा : चार दिवस. तीन मिनिटं हळू धाव, दोन मिनिटं चाल, असं ३० मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात धाव पाच मिनिटं, चाल एक मिनिट. उरलेल्या दिवशी विश्रांती किंवा सायकल.

चौथा ते सहावा आठवडा : चार दिवस ३०-४० मिनिटं सलग हळू धाव. रविवारी लांब धाव, ६ किलोमीटरपासून ८ पर्यंत. दोन दिवस घरीच बैठका, पायऱ्या, पोटाचे व्यायाम. सहावा आठवडा थोडा हलका ठेवा.

सातवा ते नववा आठवडा : पाच दिवस. मंगळवारी ४०० मीटरचे सहा राऊंड, मध्ये दोन मिनिटं चाल. राऊंडची वेळ चाचणीच्या गतीएवढी किंवा दोन-तीन सेकंद कमी. शुक्रवारी २० मिनिटं मध्यम जोराची सलग धाव. रविवारी १० ते १२ किलोमीटर हळू. बाकी दोन दिवस हळू धाव.

दहावा आणि अकरावा आठवडा : ४०० ऐवजी ८०० मीटरचे तीन-चार राऊंड. एकदाच, फक्त एकदाच, घड्याळ लावून पूर्ण चाचणी. तीही सोबत कोणी असताना.

बारावा आठवडा : अंतर निम्म्यावर आणा. शेवटचे दोन दिवस फक्त चाल आणि हलकी धाव. या आठवड्यात जास्त पळून काहीही वाढत नाही, पायातली ताकद मात्र खर्च होते.

अर्धमॅरेथॉन करायची असेल तर आधी १० किलोमीटर आरामात येऊ द्या आणि आणखी सहा-आठ आठवडे देऊन रविवारची धाव १६ ते १८ किलोमीटरपर्यंत न्या. वनखात्याची तयारी करणाऱ्यांनी रविवारी धावण्याऐवजी चालावं : १० किलोमीटरपासून सुरुवात करून २० पर्यंत, तेही परीक्षेच्या गतीने आणि परीक्षेच्याच बुटांत.

लांब पल्ला आपल्या मातीला नवा नाही

दरवर्षी पुष्य महिन्यात मेस्राम कुळातले गोंड बांधव केस्लापूरच्या नागोबा जत्रेसाठी गोदावरीचं पाणी आणायला पायी निघतात. मंचेरियाल जिल्ह्यात जन्नारमजवळच्या हस्तिनमडुगूपर्यंत जाऊन पाणी आणतात आणि अमावास्येला पूजा होते. ऐन थंडीतली ही वाट अनवाणी चालली जाते. ते एकटे जात नाहीत, मुक्काम करत जातात आणि गती सगळ्यांची सारखी ठेवतात. लांब पल्ल्याच्या शिस्तीचा याहून जवळचा नमुना शोधायला नको.

महाराष्ट्रातली उदाहरणंही शहरातली नाहीत. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत तिला रौप्य मिळालं. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला आणि स्पर्धात्मक धावण्याकडे नंतर वळला. २९ नोव्हेंबर २०२० ला दिल्लीच्या थंड सकाळी त्याने अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. ६१ मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय. पुढे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण त्याने घेतलं. आधी नोकरी, मग मैदान, मग वर्षानुवर्षं चढत गेलेली मेहनत. बारा दिवसांत कोणीही साबळे होत नाही.

खाणं आणि पाणी

थंडीत तहान कमी लागते आणि लघवी जास्त होते. त्यामुळे शरीरातलं पाणी नकळत घटतं. निघण्याआधी अर्धा तास एक ग्लास कोमट पाणी प्या. तासाभराहून लांब धाव असेल तर पाण्याची बाटली सोबत घ्या. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसं आहे, गडद असेल तर कमी आहे. कोरा किंवा दुधाचा चहा चालतो, पण नुसत्या चहावर दहा किलोमीटर जाऊ नका. आधी एक केळ किंवा शेंगदाणा-गुळाचा लाडू घ्या.

धावल्यावर तासाभरात नीट जेवण हवं. महागड्या डब्यातली पावडर घ्यायची गरज नाही. जवारीची भाकर, तुरीची डाळ, बेसन, अंडी, दही, हिरवी भाजी, तीळ-गूळ आणि पेरू, हे सगळं या दिवसांत आपल्याकडे सहज मिळतं. उटनूर भागातल्या आदिवासी महिला मोहफुलांचे लाडू करून विकतात, तेही चांगले. मुलींनी रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. 'दम लागतो, पाय जड होतात' ही तक्रार सरावाच्या कमतरतेपेक्षा रक्त कमी असण्याची असू शकते.

सिकलसेल : धावण्याआधीची एक तपासणी

हा भाग कोणी वगळू नये. आदिलाबाद, आसिफाबाद, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल आजार बऱ्याच समाजांत आढळतो, आदिवासी बांधवांत जास्त. हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्यात 'एसएस' म्हणजे रुग्ण आणि 'एएस' म्हणजे वाहक.

रुग्णाला थंडी, पाण्याची कमतरता आणि अतिश्रम या तिन्हींमुळे सांधे-हाडांच्या तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. थंडीतली पहाटेची धाव या तिन्ही गोष्टी एकत्र आणते. म्हणून रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा सराव सुरूच करू नये.

वाहक माणूस एरवी ठणठणीत असतो, त्याला काही कळतही नाही. तो धावू शकतो, खेळू शकतो. पण सरावाशिवाय एकदम जीव तोडून धाव, अंगात पाणी कमी आणि विश्रांती नाही, असं झालं तर त्याच्याही रक्तपेशी वाकड्या होऊन स्नायूंना इजा होते आणि माणूस कोसळू शकतो. वाहकाने हळूहळू वाढवावं, दोन जोरदार राऊंडच्या मध्ये जास्त थांबावं, भरपूर पाणी प्यावं आणि ताप किंवा जुलाब असताना मैदानात उतरू नये. चाचणी घेणाऱ्यांनाही हे आधी सांगावं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं आणि त्यात तपासणी मोफत होते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात चौकशी करा. बुटांवर पैसे घालण्याआधी ही तपासणी करा.

दमा असलेल्यांनी नाका-तोंडावर पातळ रुमाल बांधावा, म्हणजे आत जाणारी हवा थोडी उबदार होते. इनहेलर खिशात ठेवावा. चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब-मधुमेह असलेल्यांनी आणि ज्यांच्या घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला आहे त्यांनी डॉक्टरांना दाखवूनच सुरुवात करावी.

थांबण्याच्या खुणा

छातीत दुखणं किंवा दडपण, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्याकडे जाणं, चक्कर, श्वासात शिट्टीसारखा आवाज, हाडांत असह्य कळा, कोलासारखी काळपट लघवी. यातलं एकही दिसलं तर त्याच जागी थांबा. 'एवढा राऊंड पूर्ण करतो' म्हणू नका. १०८ ची रुग्णवाहिका तेलंगणात आणि महाराष्ट्रात दोन्हीकडे आहे. कोणी कोसळला, हाक मारून प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाब देत राहा, रुग्णवाहिका येईपर्यंत.

हे घाबरवायला लिहिलेलं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये झारखंडच्या उत्पादन शुल्क शिपाई भरतीत १० किलोमीटर एका तासात धावायचे होते. त्या चाचण्यांच्या काळात दहाहून जास्त उमेदवार दगावले आणि भरती काही दिवस थांबवावी लागली. तिथे ऊन होतं, आपल्याकडे थंडी असते. पण कमी दिवसांची तयारी आणि काहीही करून पार करायचंच ही घाई सगळीकडे सारखीच.

त्याच घाईतून काही जण ताकदीची इंजेक्शनं आणि गोळ्या घेतात. मैदानाबाहेर मिळणारी अशी औषधं हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवतात. थंडीत तो दाब आधीच वाढलेला असतो. कोणीही, कितीही ओळखीच्याने दिली तरी घेऊ नका.

रस्ता आणि जंगल

राष्ट्रीय महामार्ग ४४ वर धावू नका. दाट धुकं, लांब पल्ल्याचे ट्रक आणि मागचा दिवा नसलेल्या कापसाच्या ट्रॉल्या, हे तिन्ही याच मोसमात एकत्र येतात. मैदान सर्वात बरं : आदिलाबाद शहरात इंदिरा प्रियदर्शिनी स्टेडियम, गावात शाळेचं पटांगण. रस्त्यावरच धावावं लागलं तर उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसेल असं धावा. पांढरा किंवा चमकणारी पट्टी लावलेला टी-शर्ट घाला आणि कानात इअरफोन घालू नका.

भीमपूर, तामसी, जैनथ या पैनगंगाकाठच्या मंडलांत आणखी एक गोष्ट आहे. पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर अभयारण्य आहे आणि तिथले वाघ नदी ओलांडून येतात. तिथूनच निघालेला 'वॉकर' नावाचा वाघ २०१९ मध्ये दोन्ही राज्यांचे जिल्हे तुडवत १३०० किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. २९ नोव्हेंबर २०२४ ला शेजारच्या आसिफाबाद जिल्ह्यात कागजनगरजवळ कापूस वेचायला गेलेल्या तरुणीचा वाघाच्या हल्ल्यात जीव गेला. वाघाचा वावर सांगितलेल्या गावांत अंधारात, एकट्याने आणि शेतवाटेने धावू नका. उजाडल्यावर, तिघा-चौघांनी, बोलत आणि गावाजवळच धावा. वनखात्याने सूचना दिली असेल तर ते आठ दिवस शाळेच्या पटांगणातच फेऱ्या मारा.

मुलींनीही गटाने आणि ठरलेल्या वेळी धावावं, घरी मार्ग सांगून जावं. गावातल्या थोरांनी मुलींसाठी शाळेचं पटांगण सकाळी उघडून दिलं तर अर्धा प्रश्न सुटतो.

चाचणी उन्हाळ्यात आली तर?

सीमेवरच्या उमेदवाराची ही खास अडचण आहे. तयारी थंडीत होते आणि बोलावणं जूनमध्ये येतं. थंडीत कमावलेला दम वाया जात नाही, पण शरीराला उष्णतेची सवय नव्याने लावावी लागते. त्याला साधारण १० ते १४ दिवस लागतात. चाचणीच्या आधी दोन आठवडे रोज थोडा वेळ उबदार हवेत, सकाळी नऊच्या सुमारास, हळू धावा. पहिल्या दिवशी १५-२० मिनिटं, मग वाढवत न्या. भर दुपारी मात्र नाही. मे महिन्यातलं आपलं ऊन ४४-४५ अंशांवर जातं, त्यात धावणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं.

आणि मध्ये बोलावणं लांबलं, भरती पुढे ढकलली गेली, तरी आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास हळू धाव सुरू ठेवा. बारा आठवड्यांची मेहनत टिकवायला तेवढं पुरतं. पूर्ण बंद केली तर दोन-तीन आठवड्यांतच दम उतरायला लागतो आणि नवी जाहिरात आल्यावर पुन्हा तीच घाई सुरू होते. भरतीची तारीख आपल्या हातात नाही, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे थंड महिने दरवर्षी येतात. या वर्षीची तयारी त्यातच करून ठेवा.